शिफारसपत्र, मुक्काम पोस्ट करावे

माझी एक कथा फार वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात छापून आली. अर्धं पान कथा, अर्धं पान अगरबत्तीची जाहिरात. शेवटचा परिच्छेद जाहिरातीखाली गेला, त्यामुळे नायिका जिन्यात उभी असतानाच कथा संपली. दोन-चार जाणकारांनी ही कथा प्रायोगिक असल्याचं मला सांगितलं. मी नाही म्हटलं नाही.

त्या एका कथेच्या व्याजावर मी करावे गावात आजवर साहित्यिक म्हणून राहतो आहे. सोसायटीची सूचना लिहायची असली की सेक्रेटरी माझं दार वाजवतात. ‘गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत’ या विषयावर मी जे लिहिलं त्याचं अजून कौतुक होतं. कपडे अजून तिथेच वाळतात.

तर अशा या साहित्यिकाला एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. अंकाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून दोन प्रती येणं बाकी आहे. संपादक म्हणाले, “नव्या लिहित्या हातांची ओळख करून देणारं सदर काढतोय. तुमच्या भागातले पाच जण सुचवा. कवी, कथाकार, एखादा चित्रकार. प्रत्येकाचं काहीतरी एक, फोटो, आणि तुमच्या शब्दांत सात-आठ ओळी. नवी मुंबईत तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?”

नवी मुंबईत माझ्याशिवाय पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्यांनी आधी नकार दिला होता, हे मला नंतर कळलं.

फोन ठेवला तेव्हा मी बसल्या जागी आचार्य अत्रे झालो होतो. मराठीत चांगली शिफारस म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात गेल्या. त्यांच्या ओव्या-गाणी मुलाने, सोपानदेवांनी, वहीत उतरवून ठेवली होती. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, पण आईची वही बाहेर काढायला संकोचत होते. ती वही अत्र्यांपुढे गेली आणि अत्रे उडालेच. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह बाहेर आली. त्याही आधीचं बघा. १९०७ साली जळगावच्याच कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या पोराने कविता म्हटली, अध्यक्ष कर्नल कीर्तिकर खूश झाले आणि त्यांनी त्याला ‘बालकवी’ केलं. आडनाव कायमचं मागे पडलं. एका माणसाच्या कौतुकात एवढी ताकद असते.

मी बायकोला म्हटलं, “करावेत एखादी बहिणाबाई सापडणार नाही कशावरून?”

ती म्हणाली, “सापडेल की. अत्रे कुठून आणायचे?”

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या स्टेशनच्या नावात सीवूड्स आहे, दारावे आहे आणि अलीकडे करावेही आलंय. गाडीतली उद्घोषणा संपेपर्यंत दार उघडून बंद होतं. एका बाजूला मोठा मॉल, दुसरीकडे पाम बीच रस्ता, त्यापलीकडे खारफुटी आणि खाडी. मध्ये गाव. आगरी-कोळ्यांचं जुनं गाव, घराला घर लागलेलं, गल्ली एवढी अरुंद की समोरून बुलेट आली तर माणसाने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. सिडको १९७० साली आली, शेतं आणि मिठागरं गेली आणि भोवती सेक्टर उगवले. त्या सेक्टरांत साताऱ्याचे, मालवणचे, जळगावचे, लातूरचे लोक येऊन राहिले. येताना प्रत्येकाने एक ट्रंक, एक कुलदैवत आणि कवितेची एक वही आणली असावी असा माझा कयास आहे. पहिल्या दोन गोष्टी मला आधीपासून दिसत होत्या. वह्या दिसल्या त्या मी सदराची गोष्ट संध्याकाळी बाकावर सांगितल्यावर.

आमच्याकडे ज्येष्ठ नागरिकांसाठी एक बाक आहे. त्यावर सांगितलेली गोष्ट गुप्त राहावी म्हणून सांगितलेली नसतेच. रात्री जेवायला बसलो आणि बेल वाजली. मग ती वाजतच राहिली.

पहिली वही दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची. त्या चारोळ्या लिहितात. चंद्रशेखर गोखल्यांचं ‘मी माझा’ आलं तेव्हा महाराष्ट्रात जी साथ पसरली, तिच्यातून त्या अजून उठलेल्या नाहीत. अडचण एवढीच की चारोळ्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेल्या. मी वाचत गेलो: अर्धा लिटर, अर्धा लिटर, विरह, एक लिटर, खाडा, पाऊस, अर्धा लिटर. खरं सांगू, एकूण पान सलग वाचलं तर त्याला काहीतरी अर्थ येत होता. ‘खाडा’ या एका शब्दावर मी बराच वेळ थांबलो. पण वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ते दुधाचं आहे, ते नका घेऊ.” मग जे उरलं ते मी घेतलं.

दुसरे पाचव्या मजल्यावरचे सारंग. व्यापारी जहाजावर आयुष्य काढून निवृत्त झालेले. इथे जवळच टी. एस. चाणक्य आहे, तिथे पोरं बोटीवर जायचं शिक्षण घेतात; सारंगमामा रोज सकाळी त्यांच्या कुंपणाबाहेरून फिरायला जातात आणि कुणी न विचारता हवामान सांगतात. त्यांच्या कथा सगळ्या डर्बनला सुरू होतात. सवयीने आधी नोंद: वारा नैर्ऋत्येकडून, लाटा चार मीटर, आकाश ढगाळ. मग पुढची ओळ: मन अस्वस्थ. मग पुन्हा लाटा. एका कथेत नायक-नायिकेची भेट होते आणि त्याच वाक्यात जहाजाचे अक्षांश-रेखांशही येतात. मी विचारलं, “मामा, हे कशाला?” ते म्हणाले, “मग भेटले कुठं ते कळणार कसं?”

तिसरे शेजारच्या इमारतीतले माणदेशी आबा. सरकारी नोकरीतून निवृत्त, मूळ म्हसवडकडचे. त्यांची बोअरवेलवर एक दीर्घकविता आहे. बोअर खाली जाते तसतशी कवितेची ओळ लहान होत जाते. शेवटी एकेक अक्षर, मग धुरळा. पाणी लागत नाही. ही कविता चांगली होती. मला तेव्हा तसं वाटलं आणि अजूनही वाटतं, पण त्या वेळी रांगेत आणखी माणसं होती, त्यामुळे मी ‘छान, छान’ म्हणून वही खाली ठेवली.

चौथे गझलकार. त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण ती माझ्या अंगावर शेकली.

सीवूड्सला सकाळी गाडीत बसायला मिळत नाही. पनवेलहून येणारी गाडी भरूनच येते. गझलकार उलटे बेलापूरला जातात, तिथून सुटणारी गाडी पकडतात आणि हवं असेल त्याच्यासाठी सीवूड्सला जागा धरून ठेवतात. मला ही गोष्ट आधी माहीत नव्हती. सदराची बातमी फुटल्यावर दुसऱ्याच दिवशी डब्यातून हाक आली, “या, या, खिडकी ठेवलीय.” हार्बरवर सकाळी खिडकी! मी बसलो. त्यांनी नेरूळपर्यंत तब्येतीची चौकशी केली, जुईनगरला रदीफ आणि काफिया समजावून सांगितला, सानपाड्याला सुरेश भटांची एक आठवण सांगितली, आणि वाशी सोडल्याबरोबर वही काढली.

इथे नवख्या वाचकाला भूगोल सांगितला पाहिजे. वाशी ते मानखुर्द यांच्यामध्ये खाडीवरचा पूल आहे. खाली पाणी आहे. उतरता येत नाही.

“वाहवा म्हणत चला,” ते म्हणाले, “म्हणजे मला लय सापडते.” मी वाहवा म्हटलं. पहिल्या शेराला हळू म्हटलं, तर त्यांनी तो पुन्हा म्हटला. म्हणून दुसऱ्याला मोठ्याने म्हटलं. आमच्या डब्यात एक भजनी मंडळ असतं. टाळ, छोटी ढोलकी, डब्याच्या पत्र्यावर थाप, सगळी तयारीची माणसं. माझी वाहवा ऐकून त्यांचे बुवा वळले. त्यांना वाटलं, कुणीतरी अभंग धरलाय. गझलकारांच्या प्रत्येक शेराचा शेवट ‘राहिले’ असा होता. तिसऱ्या शेराला मंडळाने ते ‘राहिले’ उचललं. चौथ्याला टाळ लागले. मानखुर्दला गाडी शिरली तेव्हा अख्खा डबा ‘राहिले हो राहिले’ म्हणत होता आणि गझलकार उभे राहून, “अहो, हे मात्रावृत्त नाही,” असं ओरडत होते. बुवांनी त्यांना खाली बसवलं, गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि साखरफुटाणे दिले. वडाळ्याला उतरताना गझलकारांचा चेहरा पडलेला होता. मी मात्र त्यांचं एवढं जाहीर कौतुक पहिल्यांदाच बघत होतो.

पाचवा चित्रकार. “चित्रकार एखादा असू द्या,” संपादक म्हणाले होते, “पान रिकामं दिसत नाही.” मराठी दिवाळी अंकाच्या संपादकाने हे म्हणावं याची मला गंमत वाटते. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण या अंकांचं साहित्यिक योगदान मोजत बसलोय. दुकानात गिऱ्हाईक थांबायचं ते मात्र मुखपृष्ठावरच्या बाईपाशी. दीनानाथ दलालांच्या, रघुवीर मुळगावकरांच्या. दलालांनी तर १९४५ साली ‘दीपावली’ स्वतःचाच काढला. लोकांनी तो ज्या चेहऱ्यासाठी घेतला तो चेहरा फाडून कपाटाच्या आतून चिकटवला आणि कथा रद्दीत गेल्या. माझी कथाही कुठल्या तरी रद्दीत गेली. फक्त तिच्यापुढे तसला चेहराही नव्हता, अगरबत्ती होती.

हा पोरगा गावातला. होड्यांवर नावं काढतो, रिक्षांच्या मागे डोळे, मोर, शिवराय, क्रिकेटच्या सामन्यांचे फलक. फलक आता कमी, कारण फ्लेक्स. गणपतशेठ तांडेल मैदानावर सामने असले की पूर्वी घरचं सगळं अंगण कापडाने भरायचं, असं त्याची आई सांगते. मी गेलो तेव्हा तो खाडीच्या बाजूला चिखलात पाय रोवून एका होडीवर काम करत होता. आधी सुतळीला गेरू चोळला, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, मधोमध चिमटीत ओढून सोडली. फळीवर सरळ लाल रेघ उठली. तशीच खाली दुसरी. मग त्या दोन रेघांमध्ये, पेन्सिल न लावता, ‘एकविरा आई प्रसन्न’. डाव्या हातात काठी आडवी, तिच्यावर उजवं मनगट टेकलेलं, ब्रश फिरतो तो फक्त बोटांनी. रंग पिवळा, त्याला एका बाजूने लाल छाया. ‘प्र’चा तिरका फाटा होडीच्या फळ्यांच्या सांध्यावर येत होता. त्याने ब्रश उचलला, सांधा ओलांडला आणि पलीकडे पुन्हा टेकवला. दोन पावलं मागे येऊन पाहिलं तर फाटा सलग दिसत होता.

मी एवढा वेळ गप्प राहिलो हेच विशेष. मग त्याने मोबाइलवर त्याची फ्लेमिंगोंची चित्रं दाखवली आणि मी तोंड उघडलं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ सालचं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं, हिवाळ्यात आमच्याकडच्या पाणथळीत ही मंडळी येतात, हे सगळं मी वाचलेलं. नवी मुंबईत ज्या भिंतीवर ओलसुद्धा नाही तिथे फ्लेमिंगो काढलेला असतो. म्हणजे विषयाची मला माहिती होती. मी म्हटलं, “चित्र सुंदर आहे, पण गुडघा उलटा वाकलाय.”

तो म्हणाला, “काका, तो गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा वर पिसांत असतो.”

मी म्हटलं, “असं कसं?”

तो मला सरळ रस्त्यापलीकडे पाणथळीच्या कडेला घेऊन गेला. आम्ही तिथे डासांत उभे राहिलो. एक पक्षी चालत होता. पोरगा म्हणाला, “बघा, आता वर हलेल.” वर पिसांखाली काहीतरी हललं. मी घोटा मान्य केला. परत येताना त्याने मला गुलाबी रंगाचंही सांगितलं. तो रंग खाण्यातून येतो, म्हणून पिल्लू करडं असतं आणि तो पिल्लांना कधी गुलाबी रंगवत नाही. पालिकेच्या भिंतीवर रंगवा म्हटलं तरी नाही.

पाच झाले होते, तरी आणखी एक नाव मला हवं होतं. गावात धवलारीण मावशी आहेत. आगरी लग्नात हळदीपासून पुढे प्रत्येक विधीला वेगळं धवलं असतं आणि ते त्या म्हणतात. कागद नाही, वही नाही, सगळं तोंडपाठ. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात त्या महदंबेची रचनाही धवळेच, तेराव्या शतकातली. मला एकदम वाटलं, हीच माझी बहिणाबाई. मी वही-पेन घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो, महदंबेपासून सुरुवात केली. त्यांनी शांतपणे सुपारी कातरली, पान लावलं, ऐकून घेतलं आणि विचारलं, “लगीन कवा हाय?”

म्हटलं, “लग्न नाही, अंक आहे.”

“मंग कशाला गाऊ? मना नको तुजी चिठ्ठी.”

१८८५ साली जोतीराव फुल्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण नाकारलं तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांना निदान पत्र तरी मिळालं होतं. मला पानाची पिंकसुद्धा अंगणाच्या दुसऱ्या बाजूला टाकलेली मिळाली. मावशींनी मुलगी द्यायची असली तर सांग, असंही वर सांगितलं. आम्हाला मुलगाच आहे.

आता लिहायचं. संपादकांचा फोन आला, उद्या सकाळी पाकीट हवं. त्या रात्री नेमकी आमच्या मागच्या गल्लीत हळद. ज्याने करावेची हळद पाहिली नाही त्याला डीजे म्हणजे काय ते समजावता येणार नाही. ताल कानाला नंतर पोहोचतो, आधी तो पोटात वाजतो. टेबलावरचं पाण्याचं भांडं स्वतःहून सरकत कडेला आलं. त्या परिस्थितीत मी पाच जणांवर सात-सात ओळी लिहायला बसलो.

पहिली शिफारस सारंगमामांची. लिहिलं: ‘यांच्या लेखणीला समुद्राची गाज आहे.’ वाक्य मला आवडलं. एवढं आवडलं की वहिनींच्या चारोळ्यांवर लिहिताना ते पुन्हा आलं. करावे गाव खाडीकाठी आहे, म्हणजे खोटं नव्हतं. गझलकारांना ‘गाज’ यमकाला बरी, म्हणून ठेवली. आबांच्या बोअरवेलपाशी क्षणभर थांबलो. माणात समुद्र नाही हे मला माहीत आहे. पण खाली नवरा घोड्यावर बसला, ताशा आला, आणि मी ‘यांच्या लेखणीला दुष्काळाची गाज आहे’ असं लिहून मोकळा झालो. बाकीच्या ओळींत ‘तरल’, ‘संवेदनशील’, ‘जीवनानुभव’, ‘उद्याच्या आशा’ हे शब्द हलके-भारी करून भरले.

विजय तेंडुलकरांना नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ची प्रस्तावना लिहायची होती तेव्हा ते आधी कवीबरोबर त्या कवितांतला भाग पायी हिंडून आले. मी कुणाबरोबर हिंडलो असलो तर फक्त त्या पोराबरोबर, तेही घोट्याच्या वादापायी. त्यामुळे त्याच्या चिठ्ठीत मात्र गाज शिरायला जागाच नव्हती. तिथे सुतळी, गेरू, फळ्यांचा सांधा, घोटा आणि करडं पिल्लू एवढ्यातच सात ओळी भरल्या. वाचून मला ती चिठ्ठी जरा कोरडी वाटली. अलंकार घालावा असं वाटलं, पण तेवढ्यात वीज गेली.

डीजे जनरेटरवर होता, तो चालूच राहिला. माझे पाच फोटो, पाच चिठ्ठ्या आणि पाच कृती अंधारात टेबलावरून चालायला लागल्या. काही खाली पडल्या. मोबाइलच्या उजेडात गोळा केल्या, स्टेपलर मारला, पाकीट बंद केलं. सकाळी पाठवून दिलं.

अंक आला. सदर मधल्या पानांवर होतं. फोटो बरोबर, फोटोखालची नावं बरोबर, कविता-कथा ज्याच्या त्याच्या. फक्त माझी शिफारस प्रत्येकाला दुसऱ्याची लागली होती.

सारंगमामा, सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा. त्यांच्याखाली: ‘संसाराच्या रगाड्यातून मनाचा हळवा कोपरा जपणारी ही लेखणी.’ वहिनींच्या खाली गझलकारांचं: ‘वृत्तावर पकड, वेदनेशी जुनी ओळख.’ गझलकारांना दुष्काळ मिळाला होता. आणि माणदेशी आबा, अंगावर शाल, डोळ्यांवर चष्मा, वय सत्तरीकडे. त्यांच्याखाली: ‘हा पोरगा गुडघाभर चिखलात उभा राहून होड्यांवर देवीचं नाव काढतो. फ्लेमिंगोचा घोटा कुठे असतो ते याने मला दाखवलं.’

मी आठवडाभर घराबाहेर पडताना जिना वापरला. लिफ्टमध्ये माणूस अडकतो.

पण बोलायला कुणी येईना. मग सारंगमामाच भेटले. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, “एवढ्या वर्षांत मला कुणी हळवा म्हटलं नव्हतं. हिला वाचून दाखवलं, ती रडली.” वहिनींनी नारळाच्या वड्या पाठवल्या आणि वृत्त म्हणजे नक्की काय असतं ते विचारलं. गझलकारांनी दुष्काळाचा अर्थ आंतरिक दुष्काळ असा लावला आणि तो त्यांना एवढा पटला की त्यावर नवी गझल झाली. सध्या ती वाशीनंतर असते.

संपादकांचा फोन आला. “सदराचं कौतुक होतंय बरं का,” ते म्हणाले. “एकच गडबड झाली. त्या चष्मेवाल्या गृहस्थांच्या खाली भलत्याचा मजकूर लागलाय. बाकी चार अगदी नेमके उतरलेत. कसं जमतं हो तुम्हाला?”

मी म्हटलं, “माणसं ओळखावी लागतात.”

चित्रकाराच्या वाट्याला समुद्राची गाज आली होती. त्याचं चित्र अंकात काळ्या-पांढऱ्यात छापलं होतं, त्यामुळे फ्लेमिंगोंचा थवा सरसकट करड्या पिल्लांचा झाला होता. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो रिक्षाच्या मागे वाघाचा डोळा काढत होता. अंक त्याने पाहिला होता. गाज त्याने वाचलीच नव्हती. “मधे घोट्याचं पान आबांकडे गेलंय ना?” एवढंच म्हणाला. वाघाची दुसरी बाहुली पुरी केली आणि मग विचारलं, “‘गेरू’ला ऱ्हस्व रु छापलाय, तो तुम्ही लिहिलाय की त्यांनी?”

तो मीच लिहिला होता.

खरा प्रकार पुढे झाला. उरणकडच्या करंजाहून एका नाखव्याने अंकाच्या कचेरीत फोन केला. त्याच्या हाती तो अंक दाढीच्या दुकानात पडला होता. संपादकांनी त्याला आबांचा नंबर दिला. नाखवा थेट म्हणाला, “होडीवर नाव काढायचंय. सुतळी लावून काढता ना, तसंच पायजे. फळ्यांच्या सांध्यावरून अक्षर तुटता कामा नये.” आबा बोअरवेलचे कवी, त्यांनी होडी जन्मात लांबूनच पाहिलेली. पण गडी सरळ. “मी नव्हे, माझ्या फोटोखालचा माणूस वेगळा आहे,” म्हणाले आणि त्याला घेऊन पोराच्या दारात आले. सीवूड्सहून आता उरणला लोकल जाते. आबा, पोरगा आणि रंगाचे डबे तिघे त्या गाडीने गेले. आबा कशाला गेले ते मी विचारलं. म्हणाले, “मला बघायचं होतं, सांधा कसा ओलांडतो ते.” परत आल्यावर त्यांनी कवितेत एक ठिकाणी बदल केला. जिथे खडक लागतो तिथे आधी ओळ तुटत होती. आता ती तुटत नाही. मी ती कविता या वेळी बसून पुरती वाचली. मागच्या वर्षी म्हणालो होतो त्यापेक्षा ती बरीच चांगली आहे.

संपादकांनी यंदाही पाच नावं मागितली आहेत. बेल पुन्हा वाजायला लागली आहे, बाकावर माझ्यासाठी जागा धरली जाते, आणि सकाळी बेलापूरहून खिडकी येते. ज्यांच्याकडे कविता आहेत त्यांनी त्या कृपया परस्पर संपादकांकडे पाठवाव्यात. माझ्या सात ओळींवाचून तुमचं काही अडत नाही. आबांची बोअरवेल मात्र कुठे छापून आली तर वाचा, आणि वाचताना ओळी जोडून घेऊ नका, जशा आहेत तशाच खाली उतरू द्या. आणि होडी, रिक्षा किंवा दुकानाचं शटर रंगवायचं असेल तर करावे गावात या आणि कुणालाही विचारा. फ्लेक्सपेक्षा महाग पडतं, आणि भाव तो कमी करत नाही.